बेचाळीस दिवस, खाडा नको

सोमवार, ३
ही वही दवाखान्यातल्या नर्सबाईनं दिली. म्हणाली, आजी, रोज गोळीची वेळ लिहा, ताप लिहा, पायाची सूज लिहा. मी म्हटलं, चौथीत शाळा सुटली ती सुटली, आता पाटी धरायला लावतेस होय? ती म्हणाली, जमेल तसं लिहा. तर लिहिते.

गोळी सकाळी सातला घेतली. ताप नाही. सूज आहे. झालं लिहून. पण पान एवढं मोठं रिकामं सोडायला माझा जीव होत नाही.

पायाचं असं झालं. दोन महिन्यांपूर्वी इस्त्री निसटली ती डाव्या पायाच्या बोटांवर पडली. पन्नास वर्षं इस्त्री करते, कधी साधा चटका बसला नव्हता. जखम वरून भरली, आतून नाही. लाल कॅप्सूल दिल्या होत्या, त्यांनी काही झालं नाही. का झालं नाही कोण जाणे. आता डॉक्टरीणबाई म्हणतात, विकार हाडात शिरलाय. पिवळी गोळी, सकाळ-संध्याकाळ, बेचाळीस दिवस, एकही खाडा नको. खाडा झाला तर पुढचा अर्धा पाय काढावा लागेल. चौदा दिवस झालेत. घरात अजून एकोणीस गोळ्या आहेत.

अर्ध्या पायावर कोण उभं राहतं इस्त्रीला? बसून इस्त्री करणारे पाहिलेत मी. कॉलर नुसती कुरवाळतात.

मंगळवार, ४
दोन्ही गोळ्या. ताप नाही. सून दुपारी दोन तास गायब होती. कुठे गेली होतीस विचारलं तर म्हणे, "काम होतं, आई." सतरा चादरी टेबलावर पडलेल्या आणि हिला बाहेर काम.

शुक्रवार, ७
सकाळची गोळी घेतली. औषधवाल्याकडे पुढच्या गोळ्या आणायला गेले. हा कोपऱ्यावरचा, जाड चष्मा लावतो म्हणून मी चष्मेवाला म्हणते, मला वीस वर्षं ओळखतो, त्याचे सदरे माझ्याच हातचे. म्हणाला, "आजी, माल नाही."

"नाही म्हणजे? उद्या येईल?"

"वरूनच येत नाही. कारखाना बंद पडलाय म्हणे कुठेतरी. आठ दिवस लागतील, महिना लागेल, मलाही सांगत नाहीत."

"मग माझ्या पायाला काय सांगू? महिनाभर थांब म्हणू?"

बिचाऱ्यानं फळी रिकामी करून दाखवली. मी स्वतः वाकून मागे बघितलं. विश्वास आहे, पण बघितलेलं बरं.

शनिवार, ८
नऊ दुकानं फिरले. नऊही ठिकाणी मान हलली. एका पोरगेल्या औषधवाल्यानं मला सांगितलं, "आजी, तुम्ही घरी जाऊन आराम करा ना." मी म्हटलं, आराम केला तर पाय बरा होतो असं तुझ्या पुस्तकात लिहिलंय का, दाखव. मग मी तिथल्या स्टुलावर बसून राहिले, तासभर. गिऱ्हाइकं येत होती, मी प्रत्येकाला सांगत होते, ह्यांच्याकडे औषध नाही बरं का. शेवटी त्यानं आत जाऊन चार ठिकाणी फोन लावले. कुठेच नव्हतं. पण लावले तरी.

पाय ठणकतोय. दोन्ही गोळ्या घेतल्या.

सोमवार, १०
डॉक्टरीणबाईंकडे गेले. सून सोबत आली, मी नको म्हटलं होतं.

डॉक्टर म्हणाल्या, तपासणीत ह्या जंतूवर दोनच औषधं चालतात असं आलंय. एक ही गोळी, दुसरं इंजेक्शन. ते नळीतून द्यावं लागतं, दिवसातून दोनदा, कित्येक दिवस. त्यासाठी मोठ्या इस्पितळात भरती व्हायचं.

"मी भरती होत नाही."

"आजी, कारण काय?"

"कारण नाही. होत नाही म्हणजे होत नाही."

नवरा तीन दिवसांसाठी म्हणून भरती झाला होता. परत त्याचे कपडे आणले मी, घडी घालून. हे त्यांना कशाला सांगू? आणि महिनाभर मी आडवी पडले की टेबलावर कोण? ही. गिऱ्हाइकाला एकदा दुसऱ्या हाताची सवय लागली की तो वळत नाही.

बाई म्हणाल्या, गोळ्या किती राहिल्यात? मी म्हटलं, भरपूर. सून माझ्याकडे बघत होती. पाच राहिल्यात.

मंगळवार, ११
डोकं चालवलंय. कालच्या संध्याकाळपासून गोळी धाग्याच्या कात्रीनं मधोमध कापते. पाचाच्या दहा झाल्या. अडीच दिवसांऐवजी पाच दिवस. खाडा नको म्हणाल्या ना, मग खाडा नाहीच. वेळेवर पोटात जातंय ते महत्त्वाचं. जन्मभर एका साबणाच्या वडीत आठवडा काढणारी मी, मला कोण शिकवणार पुरवून खायला?

सून विचारत होती, कात्रीला पिवळं काय लागलंय. म्हटलं, हळद. हिला कुठलं खरं वाटायला. दुपारी पुन्हा गायब.

बुधवार, १२
अर्धी, अर्धी. ताप नाही. पाय जरा गरम. टेबल उन्हात आहे, पायही गरम होणारच.

गुरुवार, १३
आज एक सापडलं. बँकेतल्या साहेबांची पँट उलटी करताना खिशात गोळ्यांची पट्टी. दोन शिल्लक. पिवळ्या! माझ्याच गोळीसारख्या.

आमच्या धंद्यात खिशात सापडलेलं पाकिटात घालून कपड्यांवर ठेवायचं, नाणं असो की प्रेमपत्र. ठेवून घ्यावी वाटली, खोटं कशाला लिहू. पाकिटात घातली. मग कपडे द्यायला स्वतःच गेले, लंगडत, आणि विचारलं, साहेब, ह्या तुम्हाला लागतात का?

"छे हो, त्या कधीच्या. बरं वाटलं, सोडून दिल्या. घ्या की."

बरं वाटलं, सोडून दिल्या! जिना उतरता उतरता माझ्या डोक्यात लख्ख पडलं. अशा उरलेल्या गोळ्या घराघरांत पडल्या असणार. खिशात, कपाटात, फ्रीजच्या वर, देवाच्या मागे. आणि ह्या रस्त्यावरचं कुठलं कपाट मला माहीत नाही?

शुक्रवार, १४
सकाळपासून अकरा घरं. कपडे द्यायचे आणि विचारायचं, पिवळ्या गोळ्या उरल्यात का कुठल्या?

वरच्या मजल्यावरची शिवणवाली आधी घाबरली. "आजी, तुम्हाला कशाला हव्यात? काही भलतंसलतं..." मी म्हटलं, भलतंसलतं करायचं असतं तर तुझ्या शिलाईचे ब्लाउज घातले असते. हसली आणि सुयांच्या डब्यातून तीन काढून दिल्या. रिटायर्ड मास्तरांनी तर रंगावरून लावलेला अख्खा डबा पुढे केला, नावानिशी काहीच माहीत नाही. एका घरी नवरा-बायकोचं भांडण लागलं, तो म्हणे तू का सोडल्यास, ती म्हणे तू तर मागच्या वर्षीच्या अजून ठेवल्यास. मी दोघांच्याही घेतल्या.

एकतीस गोळ्या. एकतीस! नावं इंग्रजीत, मला वाचता येत नाहीत. पण पन्नास वर्षं कपडे रंगानं वेगळे करतेय, पिवळा मला कळतो.

कारखाना बंद पडला तर पडू दे. आमचा रस्ता चालू आहे.

शनिवार, १५
सकाळी शेवटचा अर्धा तुकडा घेतला. डबा घेऊन डॉक्टरीणबाईंकडे. छाती काढून ठेवला टेबलावर.

त्यांनी चष्मा चढवला आणि एकेक गोळी बाजूला काढायला लागल्या. "ही रक्तदाबाची. ही जंतांची. ही जीवनसत्त्वाची. ही कसली ते मलाही सांगता येणार नाही, पट्टीच फाडलीय. ही दोन वर्षांपूर्वीच संपलीय." मी मोजत होते. माझ्या ढिगाऱ्यातून त्यांच्या ढिगाऱ्यात. शेवटी माझ्या बाजूला आठ उरल्या. आठ नक्की तुमच्या, म्हणाल्या, तारीखही चांगली आहे. खरं तर असं मी करायला नको, पण घ्या.

तेवढ्यात सुनेनं पिशवीतून काहीतरी काढलं. माझा पत्र्याचा डबा! माझ्या गादीखालचा!

"ह्यातल्यापण बघा ना डॉक्टर. आईंच्या आहेत."

बाईंनी उघडला. लाल कॅप्सूल. अकरा.

बाईंनी कॅप्सूल मोजल्या, पुन्हा मोजल्या. "आजी, पहिला कोर्स पूर्ण केला होता म्हणालात."

"लाली उतरली होती चौथ्या दिवशी. उरलेल्या कशाला खायच्या? पुढच्या वेळेला ठेवल्या."

"पुढची वेळ हीच आहे," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, अर्ध्यावर सोडलं की जंतू मरत नाही, औषध ओळखायला शिकतो. म्हणूनच लाल कॅप्सूल चालल्या नाहीत. आणि तुमच्या रस्त्यावर अकराही घरांत डबे आहेत म्हणजे अकराही घरांत तो शिकतोय.

मग कात्रीचंही बाहेर आलं. सुनेनं नाही सांगितलं. मीच सांगितलं. त्यांनी विचारलंच नव्हतं, पण आता काय राहिलं होतं लपवायला?

बाईंनी डोळे मिटले. "अर्ध्या गोळीनं तुम्ही त्याला चांगली शिकवणी लावलीत, आजी." बुधवारी कपड्यांची पिशवी भरून इस्पितळात भरतीला या, म्हणाल्या. तोवर ह्या आठ. अख्ख्या.

रस्त्यानं येताना सुनेशी एक शब्द बोलले नाही. माझ्या गादीखाली हात घालते!

रविवार, १६
अख्खी, अख्खी. ताप थोडा. लाल कॅप्सूल खिडकीतून फेकणार होते, सून म्हणाली औषधवाल्याला परत देतात, तो जाळायला पाठवतो. हे हिला कुठून कळलं?

सोमवार, १७
ताप एकशे एक. बोटांवर लाली आली. एका वेळी दोन-दोन चादरी उचलत होते, आज एक.

मंगळवार, १८
चष्मेवाल्याकडे गेले, माल आला का बघायला. नाही. म्हणाला, "अहो, तुमच्या सूनबाई तुमच्याही आधीपासून रोज विचारतात. नदीपलीकडची दुकानंसुद्धा झाली त्यांची. दुपारच्या बसनं जातात ना. वहीत लिहून ठेवलंय त्यांनी, कुठे कधी विचारलं, कधी पुन्हा यायला सांगितलं. काल मला म्हणाल्या, चोपन्न दुकानं झाली."

मी घरी आले. म्हणजे गेले दोन आठवडे ही गावभर माझ्या पायाची दवंडी पिटतेय आणि मला पत्ता नाही. एका शब्दानं विचारलं नाही. आणि चपला बघा तिच्या, टाचेला कागद झालाय. नवीन घे म्हटलं तर म्हणे, चालतील.

संध्याकाळी तिला चहा मी केला. साखर जास्त पडली. प्यायली.

बुधवार, १९
सकाळी आठवी गोळी. एकशे दोन. पाय चपलेत जाईना.

पिशवी भरली. सून म्हणाली, मी टेबल सांभाळते. मी म्हटलं, सांभाळतेस ते बरंय, पण कॉलर आधी आतून, मग बाहेरून. आणि मास्तरांच्या पायजम्याला मधली घडी नको, चिडतात. आणि लग्नाच्या साड्या तू करू नकोस, ठेव माझ्यासाठी.

"अजून काही, आई?"

अजून चाळीस गोष्टी होत्या. बस आली.

शनिवार, २२
इस्पितळ. सहा खाटांची खोली. हातात नळी. नर्स म्हणते, वही आणलीत होय, शहाण्या आहात. ताप शंभर.

बेचाळीस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे, म्हणाल्या. बुधवारपासून. आधीचे गेले वाया.

इथल्या चादरींना इस्त्री म्हणजे अपमान आहे. दोन्ही कडा वेगवेगळ्या दिशेला. सांगितलं मी.

मंगळवार, २५
शेजारच्या खाटेवरची बाई घरी निघाली. मुलीला म्हणते, बरं वाटतंय आता, दोन दिवसांनी गोळ्या बंद करू. मी नळीसकट उठून बसले. म्हटलं, बंद कर आणि ये परत, ही खाट गरम ठेवते तुझ्यासाठी. माझा पाय उघडून दाखवला. मुलीचा चेहरा पांढरा पडला. शेवटपर्यंत देते, म्हणाली. नर्स ओरडली की पट्टी का सोडली. ओरडू दे.

गुरुवार, २७
सून भेटायला आली होती, तेवढ्यात सर्जन आला. उंच, घाईत, हात खिशात. फोटो उजेडाला धरून म्हणाला, वेळेत आलात. हाड बऱ्यापैकी वाचतंय. पण शेवटचं बोट, करंगळी, मेलीय. ती काढावी लागेल. उद्या करू. सही करा.

कागद दिला. लांबलचक. मी वाचायला लागले. तो म्हणाला, "आजी, साधा फॉर्म आहे, सगळे सही करतात."

"सगळ्यांचे पाय त्यांचे. हा माझा."

बोट ठेवून एकेक शब्द वाचला. मला वेळ लागतो. तो घड्याळ बघत होता, मग खुर्ची ओढून बसला. तिसऱ्या ओळीत सापडलं: 'आवश्यक वाटल्यास याहून अधिक भाग काढण्यास माझी संमती आहे.'

"ही ओळ खोडा."

"ती खबरदारी म्हणून असते. आत गेल्यावर जास्त खराब दिसलं तर..."

"तर मला उठवा. विचारा. मी सांगेन."

"भूल दिलेली असेल तुम्हाला."

"मग कमरेपासून खालीच द्या. तोंड चालू राहू दे."

तो हसला नाही. पण माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं. म्हणाला, विषबाधा रक्तात गेली तर थांबायला वेळ नसतो. मी म्हटलं, त्या वेळी सून बाहेर बसलेली असेल. तिला विचारा. ती म्हणेल ते मला मान्य, लिहून घ्या तसं.

सुनेनं मान वर केली.

त्यानं ओळ खोडली, शेजारी सुनेचं नाव लिहिलं. मी सही केली. जोडाक्षर चुकलं, पुन्हा केली.

मग नर्सकडून कपड्यांवर खुणा करायचं पक्क्या शाईचं पेन मागून घेतलं. इथल्या धुलाईखान्यात असतंच. करंगळीच्या बुडाशी गोल रेघ ओढली. आणि शेजारच्या चारही बोटांवर फुली मारून लिहिलं, हे नाही.

शुक्रवार, २८
झालं. एकच गेली. सर्जन म्हणाला, रेघेवरूनच कापलं, आजी. मी म्हटलं, दाखवा. दाखवली. काळी होती. मीच काढली असती.

सुनेला आत बोलावलं नव्हतं कुणी. तरी ती दाराशीच उभी होती म्हणे, चार तास. बाकडं होतं तिथे. बसता येत नव्हतं का?

शुक्रवार, १२
घरी. डॉक्टरीणबाईंना गोळ्या मिळाल्या, इस्पितळात माल आला. उरलेल्या दिवसांच्या मोजून दिल्या, कमी नाहीत, जास्त नाहीत. रस्त्यावर चष्मेवाल्यानं दुकानातून हात केला, त्याच्याही फळीवर आल्यात.

टेबल बघितलं. बँकवाल्यांचे सदरे रचलेले. एक उलगडून बघितला, कॉलर आतून-बाहेरून. चूक सापडेना. दुसरा उलगडला.

"सापडली का?" सून म्हणाली.

"शोधतेय."

सोमवार, १५
दहा मिनिटं उभी राहिले. करंगळी नसली की अंग डावीकडे झुकतं. उद्या अकरा राहीन. सून म्हणाली, टेबलाची डावी बाजू तुम्ही घ्या, तिथे टेकायला भिंत आहे. म्हणजे उजवी बाजू हिची. न विचारता वाटणी झालीसुद्धा. दुसरी इस्त्री आणावी लागेल. आणू.

शनिवार, २७
पाय कोरडा, लाली नाही, ताप महिन्याभरात नाही. अर्धा तास उभी होते.

संध्याकाळी शिवणवाली आली, गाल सुजलेला. दाढ. "आजी, तुमच्याकडे त्या पिवळ्या आहेत ना? तीन-चार द्या. तुमचा पाय तर आता छान झालाय. मी दिल्या होत्या की तुम्हाला तुमच्या वेळी."

दिल्या होत्या, खरंय. त्यातली एक जंतांची निघाली, ते नाही काढलं मी.

"पाय झालाय छान," मी म्हटलं, "गोळ्या संपायच्यात. सात आहेत, सातही माझ्या. तुझ्या दाढेची ही गोळी नव्हे, आणि असली तरी तीन-चारनं तुझा जंतू फक्त हुशार होईल. माझा झाला होता, बोटभर फी घेतली त्यानं."

"एवढं काय हो, आजी..."

"चल, उठ. डॉक्टरीणबाई आठपर्यंत असतात."

"आत्ता? तुम्ही कशाला, तुमचा पाय..."

"पाय चालायलाच ठेवलाय."

सुनेनं माझ्या आधीच चपला घातल्या होत्या, नव्या. मी म्हटलं, थांबा दोघी. सात वाजले होते. पाणी घेतलं आणि गोळी त्यांच्यासमोर गिळली, अख्खी.